सिस्टरला विचारा : एटीएम कार्ड कुणाकडे आहे?

गेल्या अंकात डिप्रेशनबद्दल लिहिताना ईसीटीचा, म्हणजे डोक्याला करंट देण्याच्या उपचाराचा, घरोघरी ज्याला ‘शॉक’ म्हणतात त्याचा, मी जेमतेम दोन ओळींत उल्लेख केला होता. त्या दोन ओळींवर अकरा पत्रं आली. त्यांतली तीन इथे घेते. पहिल्या पत्राला जागा जास्त जाणार आहे, बाकीच्यांनी रागावू नये. नव्या वाचकांसाठी एवढंच, की मी डॉक्टर नाही. मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात ३३ वर्षं परिचारिका होते, त्यातली २६ मनोविकार वॉर्डात. गोळी बदलायची, वाढवायची, बंद करायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

पत्र पहिलं

सिस्टर, नमस्कार.

मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते. वय ४७. दादरच्या एका पतपेढीत काउंटरवर आहे, १९ वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी मला डिप्रेशन आलं. गोळ्या तीनदा बदलल्या. या जानेवारीत जेवण सुटलं, गॅलरीत उभी राहिले की नको ते मनात यायला लागलं. तेव्हा डॉक्टरांनी ईसीटी सुचवली. फेब्रुवारीच्या मध्यापासून आठवड्याला दोन अशा नऊ झाल्या. आता जुलै चालू आहे. मी जेवते, झोपते, नको ते विचार येत नाहीत. घरचे म्हणतात, बरी झाली.

पण मुलाच्या बारावीच्या पेपरांना मी रोज त्याच्या हातावर दही-साखर ठेवली म्हणे. मला त्यातला एक दिवस आठवत नाही. मिस्टर रोज संध्याकाळी विचारतात, काल भाजी काय होती, परवा कोण आलं होतं, आज वार कोणता? चुकले की नणंदेकडे बघतात. गॅसचा लायटर नणंद फडताळात वर ठेवते. माझं एटीएम कार्ड फेब्रुवारीपासून मिस्टरांकडे आहे. जूनमध्ये कामावर गेले तर पहिल्याच दिवशी दादरला कुठल्या दाराने उतरायचं ते सुचेना, गर्दीत अडकले, परळला जाऊन परत आले. कुणाला सांगितलं नाही. हल्ली रडू येत नाही, पण हसूही आतून येत नाही. मी बरी झाले का? आणि हे असंच राहणार का?

उत्तर

ताई, आधी एटीएम कार्ड मागून घ्या. बाकीचं मग बोलू.

हे मी गमतीने म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमान मोजायची एक प्रश्नावली आहे, २६ प्रश्नांची. आमच्या वॉर्डातल्या एका शिकाऊ डॉक्टरला प्रबंधासाठी ती पेशंटकडून भरून घ्यायची होती. त्याचं मराठी अगदीच बेताचं, म्हणून प्रश्न मी विचारायचे आणि खुणा तो करायचा. झोप कशी आहे, कामाची ताकद आहे का, हे प्रश्न त्यात आहेतच. पण गरजेपुरता पैसा हाताशी आहे का, मित्रमंडळींचा आधार वाटतो का, राहती जागा कशी आहे, हेही आहे. आणि पंचविसावा प्रश्न प्रवासाच्या सोयीवर समाधानी आहात का, असा आहे. मला आधी हसूच आलं. मनाच्या आजाराच्या कागदावर लोकल कुठून आली? तर माझगावची एक मासेवाली मावशी, सहा ईसीटी झालेली, म्हणाली, “पाटी घेऊन लगेजच्या डब्यात चढता आलं म्हणजे मी बरी. ते अजून नाय जमत.” शिकाऊ डॉक्टर पेन धरून बसला होता, त्याला कळेना खूण कुठे करायची.

मावशीचं उत्तर मी कधी विसरले नाही. डॉक्टर झोप, भूक आणि मरणाचे विचार यांची चौकशी करतात. करायलाच हवी, ती आधीची पायरी आहे. पण ती तपासणी पार पडली की केसपेपरवर ‘सुधारणा’ लिहिलं जातं, आणि घरी आलेल्या बाईच्या हातात लायटरसुद्धा नसतो. तुमच्या पत्रात झोप परत आली आहे, पैसा मिस्टरांच्या खिशात आहे आणि प्रवास परळपर्यंत गेला आहे. तेव्हा बरी झालात का, तर आजारातून बऱ्याच बाहेर आलात. घरात अजून पेशंटच्या खाटेवरच आहात.

आता आठवणींचं. इथे मी गोड बोलून फसवणार नाही, कारण आमच्या व्यवसायाने अनेक वर्षं तेच केलं आहे. ‘काही नाही हो, येईल सगळं परत’, असं मीसुद्धा कॉटशी उभी राहून किती जणांना सांगितलं असेल. ते अर्धंच खरं आहे. ईसीटीनंतर विस्मरण दोन प्रकारचं असतं. एक, नवी गोष्ट डोक्यात न टिकणं, म्हणजे आत्ता सांगितलेला निरोप तासाभरात जाणं. हे बहुतेकांचं काही आठवड्यांत सुधारतं. दुसरं, उपचारांच्या आधीचे काही आठवडे किंवा महिने आणि प्रत्यक्ष उपचारांचे दिवस पुसले जाणं. त्यातलं काही हळूहळू परत येतं, काही कधीच येत नाही. २००३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक आढावा छापून आला. पेशंट स्वतः काय सांगतात ते त्यात गोळा केलं होतं, आणि निदान एक तृतीयांश लोकांनी कायमच्या गेलेल्या आठवणींबद्दल सांगितलं होतं. परीक्षेचे कागद घेऊन मोजलं तर स्मरणशक्ती ठीक दिसते, असंही संशोधन आहे, आणि तेही खोटं नाही. लक्षात ठेवायची ताकद परत येते, पण त्या काळात जे नोंदलंच गेलं नाही ते येणार कुठून?

म्हणजे दही-साखरेचे ते दिवस बहुतेक परत येणार नाहीत, ताई. त्याचं वाईट वाटणं हा आजार नव्हे. एकदा बसून रडायचं असेल तर रडा, आणि ‘जीव वाचला ना, मग कशाला रडतेस’ म्हणणाऱ्याला त्या दिवशी चहा देऊ नका.

पण काल-परवाचं, म्हणजे जुलैमधलं, अजूनही निसटत असेल तर ते मात्र डॉक्टरांना सांगायचं. शेवटची ईसीटी होऊन तीन महिने उलटले आहेत, सगळं शॉकच्या खात्यावर टाकून चालणार नाही. थायरॉईड आणि बी-१२ तपासलंय का? रात्रीची झोपेची गोळी अजून चालू आहे का? तिनेही डोकं जड होतं. आणि थोडं डिप्रेशन मागे उरलं असलं तरी लक्ष लागत नाही आणि लक्ष न लागलेलं आठवत नाही. तुम्ही लिहिलंत की हसू आतून येत नाही. हे वाक्य जसंच्या तसं डॉक्टरांना वाचून दाखवा. ‘जेवते, झोपते’ एवढ्यावर समाधान मानून उठू नका. औषधात फेरफार करण्यासारखं ते लक्षण आहे. (आणि काल भाजी काय होती, हे मला विचारलंत तर मलाही फ्रिज उघडून बघावं लागेल. मला शॉक दिलेले नाहीत.)

आता माझ्या घरातलं सांगते. या सदरात आजवर लिहिलं नव्हतं.

माझा मोठा भाऊ लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर आले. मी त्याच वर्षी नोकरीला लागले. घरात पगार माझा एकटीचा आणि दादा दिवसभर चाळीच्या गॅलरीत कठड्याला टेकून. १९८३ च्या मेमध्ये माझं लग्न झालं, ते दादाने कर्ज काढून केलं. जूनमध्ये त्याने बोलणं सोडलं, मग अन्न. मी सगळ्यांना बुडवलं, एवढंच पुटपुटायचा. एका रुग्णालयात त्याला आठ शॉक दिले, तेव्हा सर्रास देत तसे, भूल न देता. चौघं जण धरायचे. मी परिचारिका असूनही मला दाराबाहेर थांबवलं. आतून कॉट हलल्याचा आवाज यायचा. सहाव्या शॉकनंतर दादाने आपणहून भात मागितला आणि आमटीत मीठ कमी आहे म्हणाला. आई मोरीत जाऊन रडली.

पण दादाला माझं लग्न आठवत नव्हतं.

अल्बममध्ये तो आहे. फेटा बांधलेला, हातात अक्षता, माझ्या मागेच उभा. तो फोटो तो अनोळखी माणसाचा असावा तसा न्याहाळायचा. मग मी दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला त्याला माझं लग्न सांगायला लागले. पंगतीत जिलबी कमी पडली, तूच धावत जाऊन भारतमाता सिनेमासमोरून आणलीस, वगैरे. काही वर्षांनी पाहते तर तोच माझ्या मुलांना मामाच्या थाटात ती गोष्ट सांगतोय, जिलबीच्या पुड्याला हात कसा भाजला त्याच्यासकट. हात भाजल्याचं मी कधी सांगितलं नव्हतं. आणि जिलबी मुळात परळ नाक्यावरून आणली होती, ते मला आईने नंतर सांगितलं. मी काही दुरुस्त केलं नाही.

तुमच्या मिस्टरांनी नेमकं हेच करावं. ते विचारतात, त्यांनी सांगावं. माणूस घाबरला की परीक्षा घेतो. डॉक्टर तारीख-वार विचारतात ते त्यांनी पाहिलं आणि तीच पद्धत उचलली, त्यामागे तुमची काळजीच आहे, मी त्यांना दुष्ट म्हणत नाही. पण डॉक्टर महिन्यातून एकदा विचारतात. रोज संध्याकाळी तोंडी परीक्षा असेल तर साधा वारही सांगता येत नाही, कुणालाच. त्यापेक्षा मुलाला म्हणावं, बारावीच्या त्या दिवसांचं आईला सांग. पेपरला निघताना ती काय म्हणाली, कुठला पेपर वाईट गेला, कुठला शर्ट घातला होता. त्या दिवसांतले मोबाईलमधले फोटो एका ठिकाणी काढून ठेवावेत. ते तुमच्या आठवणी होणार नाहीत, पण त्या दिवसांची गोष्ट तुमच्याकडे राहील.

आणि लायटर खाली आणा. आमची आई चौथी शिकलेली. दादा घरी आला त्याच्या दुसऱ्या पहाटे तिने त्याला नळावर उभं केलं. चाळीत पाणी चारला यायचं, पिंप भरायचं काम आजाराआधी त्याचंच होतं. मी नर्सगिरी दाखवायला गेले, म्हटलं अगं त्याला विश्रांती हवी. ती म्हणाली, “पाणी त्यानेच भरायचं. नाहीतर तो कशाला उठेल?” पहिल्या दिवशी नळ चालू राहून अर्धी गॅलरी ओली झाली, शेजारीण भांडायला आली. दुसऱ्या दिवशी नाही झाली. उपचार चालू असताना कार्ड, सह्या, गॅस हे घरच्यांनी सांभाळणं बरोबरच होतं. ते परत कधी करायचं याची तारीख कुणी ठरवत नाही, गोची तिथे होते. तुम्ही ठरवा. येत्या पगाराचे पैसे तुम्हीच काढायचे. पिन आठवत नसेल तर बँकेत नवा मिळतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही, शॉक न घेतलेलेही रांगेत असतात.

लोकलचं म्हणाल तर एखाद्या रविवारी दुपारी मुलाला घेऊन विक्रोळी-दादर अशा दोन फेऱ्या मारा. गर्दी नसताना दाराशी उभं राहून कुठलं स्टेशन कुठल्या बाजूला येतं ते बघून घ्या. हातांना आणि पायांना सवयीच्या गोष्टी फारशा विसरत नाहीत. तुम्ही पुरणपोळी करून बघा, जमेल. नावं, आकडे, क्रम यांना वेळ लागतो. पतपेढीत काउंटरखाली एक छोटी वही ठेवा, संगणकावर कुठल्या कामाला काय दाबायचं ते पायरीपायरीने लिहून. शक्य असेल तर पहिले दोन महिने रोकड मोजण्याऐवजी पासबुकं छापण्याचं काम मागा. कारण सांगायचं की नाही ते तुमच्यावर. ‘तब्येतीमुळे’ एवढं पुरतं.

शेवटचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जाड पेनाने अधोरेखित करा. ईसीटीने डिप्रेशन उचललं जातं, पण ते खाली न पडण्याची हमी मिळत नाही. अमेरिकेत एक अभ्यास झाला, २००१ साली प्रसिद्ध झाला. ईसीटीने बरे झालेल्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला नुसत्या साध्या, औषध नसलेल्या गोळ्या दिल्या, तर २४ आठवड्यांत शंभरातले ८४ पुन्हा आजारी पडले. दुसऱ्याला डिप्रेशनची एक गोळी दिली, तिथे ६०. तिसऱ्याला तीच गोळी आणि जोडीला लिथियम, म्हणजे मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध, तिथे ३९. हे आकडे मी वॉर्डात फळ्यावर लिहून ठेवायचे. ३९ हाही काही लहान आकडा नाही, पण ८४ आणि ३९ मधलं अंतर बघा. त्या अंतरात माणसांच्या नोकऱ्या आणि संसार आहेत. दादाने १९९१ मध्ये ‘आता ठणठणीत आहे’ म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्या आणि चार महिन्यांत परत माझ्याच वॉर्डात आला. त्या खेपेला भूल देऊन ईसीटी झाल्या. गणपतीच्या आसपासचे तीनेक आठवडे गेले, बाकी शाबूत राहिलं. पुढची वीस वर्षं त्याने एकही गोळी चुकवली नाही, लिफ्टमनची नोकरी केली, दर रविवारी बोंबील घेऊन माझ्याकडे आला आणि आमटीला नावं ठेवली. २०११ मध्ये गेला, हृदयविकाराने.

तुम्हाला लिथियम चालू असेल तर रक्तातली पातळी ठरल्याप्रमाणे तपासा. आदल्या रात्रीची गोळी घेऊन बारा तास झाले की रक्त द्यायचं, सकाळची गोळी त्यानंतर. अंगदुखीसाठी केमिस्टकडून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक परस्पर घेऊ नका, त्याने पातळी वाढते. मुंबईच्या ऑक्टोबरात घामाच्या धारा लागल्या की पाणी भरपूर प्या आणि मीठ अचानक बंद करू नका. हात थरथरले, जुलाब-उलट्या झाल्या, चालताना तोल गेला तर त्याच दिवशी दवाखाना.

कार्ड मिळालं की मला कळवा.

पत्र दुसरं

गिरगावातून एक गृहस्थ लिहितात. वडील ७१ वर्षांचे, छापखान्यातून निवृत्त. दोन महिन्यांपासून म्हणतात, माझी आतडी सडली, आता अन्न जाणार नाही, आणि घरातले पैसे संपले. पासबुक दाखवलं तरी पटत नाही. वजन बरंच उतरलं आहे, रक्तदाब आहे. डॉक्टरांनी ईसीटी सांगितली. काका म्हणतात, या वयात करंट लावून मेंदू जाळणार का? काय करावं?

उत्तर

काकांना म्हणावं, तुमच्या मनात जो शॉक आहे तो हिंदी सिनेमातला आहे. (माझ्या दादाचाही तसाच होता, वर लिहिलंच आहे, म्हणून काकांना मी हसत नाही.) ईसीटी १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी प्रथम केली, आणि तेव्हा भूल नव्हती. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता ईसीटी करायला बंदी आहे.

आता ती खोली कशी असते ते सांगते. मध्यरात्रीनंतर पोटात काही नाही. आदल्या रात्री केस धुवायचे, तेल लावायचं नाही, आमच्याकडे निम्म्या आज्या याच्यावर रुसायच्या. सकाळी कवळी काढायची, लघवीला जाऊन यायचं. शिरेतून भूल, मग स्नायू सैल करणारं औषध, तोंडात दातांमध्ये मऊ गार्ड, नाकातोंडावर ऑक्सिजन. करंट काही सेकंदांचा. त्याने मेंदूत फिट येते, २० सेकंदांपासून मिनिटभर चालते. खरा उपचार ती फिट आहे, करंट ही नुसती किल्ली. अंग सैल असल्याने बाहेरून फार काही दिसत नाही. स्नायूंचं औषध पोहोचू नये म्हणून एका पायाला किंवा हाताला पट्टा बांधलेला असतो, तेवढा एक पंजा थरथरतो आणि आम्ही घड्याळ लावून तो मोजतो. दहा-पंधरा मिनिटांत माणूस जागा होतो. पहिला अर्धा तास गोंधळलेला असतो. डोकं आणि जबडा दुखतो, कधी मळमळतं.

जिवाचा धोका विचाराल तर वेगवेगळ्या देशांतले लाखो उपचार एकत्र मोजले तेव्हा लाख ईसीटींमागे साधारण दोन मृत्यू, असा आकडा निघाला. भूल लागणाऱ्या कुठल्याही लहान शस्त्रक्रियेत असतो तेवढाच म्हणा. अर्थात वडिलांचा ईसीजी, रक्तदाब, हृदय हे भूलतज्ज्ञाने तपासून हिरवा कंदील दाखवायला हवा. आणि आतडी सडल्याचा, पैसे बुडाल्याचा असा भ्रम ज्या डिप्रेशनमध्ये असतो, त्यात आणि वयस्कर माणसांत ईसीटीचा गुण जास्त चांगला येतो. न जेवणाऱ्या ७१ वर्षांच्या माणसाला सहा आठवडे गोळीची वाट बघायला लावणं, हाही धोकाच आहे. काकांना तो दिसत नाही कारण त्याला वायर नाही.

डॉक्टरांना मात्र विचारा, करंट देणाऱ्या पट्ट्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना लावणार की उजव्या एका बाजूला? एका बाजूच्या पद्धतीत विस्मरण कमी होतं, पण काही वेळा दोन्ही बाजूंची गरज असते, मग ती का, ते ऐकून घ्या. सगळ्या मिळून किती करणार? साधारण सहा ते बारा असतात. आणि संपल्यावर कुठलं औषध, की पंधरा दिवसांनी, महिन्याने एखादी ईसीटी? हा तिसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत. संमती वडिलांची लागते. ती देण्याच्या अवस्थेत ते नसतील तर कायद्यानुसार नामनिर्देशित प्रतिनिधीची, म्हणजे त्यांच्या वतीने निर्णय घ्यायला नेमलेल्या माणसाची.

सुरू करण्यापूर्वी एका वहीत त्यांच्याकडून किंवा त्यांच्याबद्दल लिहून ठेवा: किल्ल्या कुठे, विम्याचे कागद कुठे, कुणाला किती द्यायचे, सकाळी पेपर कुठला. आणि गिरगावात आहात म्हणून बजावते, उपचार चालू असताना आणि नंतरचे काही आठवडे पागडीच्या खोलीच्या, पुनर्विकासाच्या कुठल्याही कागदावर त्यांची सही घेऊ नका. बिल्डरचा माणूस कितीही घाईत असो. नंतर त्यांना आठवलं नाही तर घरात जे सुरू होतं त्यावर आमच्याकडे इलाज नव्हता.

पत्र तिसरं

दहिसरहून एक आई विचारतात: मुलगी २८ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी सहा ईसीटी झाल्या. आता चांगली नोकरी, एक गोळी चालू. स्थळ आलं आहे, मुलगा तिला आवडलाय. माझी बहीण म्हणते, गोळ्या चालू आहेत एवढंच सांग, शॉकचं कशाला? सांगावं का?

उत्तर

सांगावं, आणि तिने स्वतः सांगावं, त्याला एकट्याला, साखरपुड्याच्या आधी. तुम्ही नाही, मावशीने नाही, मध्यस्थाने तर मुळीच नाही. मध्यस्थाच्या तोंडून ‘थोडं डोक्याचं होतं’ असं जे बाहेर पडतं, ते पुढे आयुष्यभर निस्तरावं लागतं. “मला डिप्रेशन आलं होतं, ईसीटीने बरी झाले, गोळी चालू आहे, अमुक महिन्यांतलं मला नीट आठवत नाही”, एवढं पुरे. गोळी ड्रॉवरमध्ये लपवून संसार करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. पहिली गोळी सासरी माणसं आहेत म्हणून चुकते, मग दुसरी. त्या मुली पावसाळ्यानंतर वॉर्डात दिसायच्या, मे महिन्यात लग्न झालेल्या. आणि दिवस राहण्याचा विचार करण्याआधी गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलायचं, काही गोळ्या गरोदरपणात बदलाव्या लागतात. हे नवऱ्याला माहीत नसेल तर ती बोलणार कुणाच्या समोर?

तो नाही म्हणाला तर वाईट वाटेल. त्या आठवड्यात तिच्याजवळ राहा आणि गोळीवर लक्ष ठेवा.

ज्यांचं पत्र इथे आलेलं नाही आणि ज्यांना पुढच्या महिन्यापर्यंत थांबणं जड जातंय त्यांनी ‘टेलि-मानस’ला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करावा. फुकट आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं. पुढच्या अंकासाठीची पत्रं २० तारखेच्या आत पाठवा आणि अक्षर जरा मोठं काढा, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय.